लाल वायर पत्र्याला

आमचं लग्न एका टेपमुळं जमलं, असं मी चाळीस वर्षं सांगत आलो. लग्नकार्यात, बारशात, पोरांच्या मित्रांपुढं, कुणी विचारलं की सांगायचं. बायकोचे मामा नवी गाडी घेऊन आले, टेप बसवायला दिला, टेप खराब निघाला, मी तोंडावर तसं सांगितलं, मामांना पोरगं पसंत पडलं. लोक हसायचे. सुमन तिथंच कुठंतरी असायची, ताटं वाढत नाहीतर नातवंडाला थोपटत. ती हसायची नाही आणि मधे बोलायचीही नाही. आता ती नाही. वर्ष व्हायला दोन महिने कमी आहेत. माझं शिक्षण सातवी, चार ओळी लिहिल्या की बोटं दुखतात. बाकीच्या आठवणी मी नातीला सांगून लिहून घेतल्या, पण हे प्रकरण तिच्याकडून लिहून घेतलं नाही. ते माझं मलाच लिहायला पाहिजे. कारण जसं सांगत आलो तसं ते झालं नव्हतं.

तेव्हा आम्ही शाहूपुरीत गुळाच्या अडतींच्या मागं दोन खोल्यांत राहायचो. आबा अडतीत हमाल. दिवसभर पाठीवर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहून संध्याकाळी घरी आले की सदरा खुंटीला अडकवायचे, आणि घटकाभरात त्या सदऱ्याला मुंग्यांची रांग लागायची. आई रोज तो सदरा गटारीवर नेऊन झटकायची आणि रोज मुंग्यांना शिव्या द्यायची, जणू त्या आजच पहिल्यांदा आल्या होत्या. आमच्या अंथरुणात मुंग्या, पिठाच्या डब्यात मुंग्या. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्यानं, आणि त्याच्यामागं अडतीतल्या सौद्याची ओरड सुरू व्हायची. भाकरीचा आवाज थांबला की समजायचं, आता उठलं नाही तर लाथ बसणार. खायला भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, वर कच्च्या तेलाची धार, आणि रविवारी अंड्याचा रस्सा. गूळ एवढा जवळ असून आमच्या घरी गोड कधी झालं नाही. आबांना वासानंच नको व्हायचं.

मी राजारामपुरीत बादशाचाचांच्या दुकानात गाडीच्या वायरिंगचं काम करायचो. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, आत दोन बाकडी, आणि मागच्या दारातून थेट चाचांचं घर. चाचीच्या फोडणीचा वास आणि बॅटरीच्या ॲसिडचा वास एकाच वेळी नाकात. मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि हातात कला आहे असं मला वाटायचं. खरं तर होतीही. टेप बसवायचं काम आलं की चाचा गिऱ्हाइकाला माझ्याकडं बोट दाखवायचे. चाचांचा नियम एकच होता. दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब मागच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असायचा. कुठलीही वायर जोडायच्या आधी तो लावून बघायचा, कुठं करंट आहे, कुठं नाही. "डोळ्यावर इश्वास ठेवू नगोस, बल्बवर ठेव," असं ते म्हणायचे. मी नवा होतो तेव्हा प्रत्येक वायरीला बल्ब लावायचो. नंतर नंतर हात बसला.

इथं थोडं कामाचं सांगावं लागतं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाडीच्या बॅटरीला दोन टोकं, प्लस आणि मायनस. त्यातलं एक टोक गाडीच्या पत्र्यालाच जोडलेलं असतं, म्हणजे अख्खी गाडीच एक वायर झाली. त्या काळातल्या जुन्या जीपा आणि जुन्या मोटारींत प्लस पत्र्याला असायचा. टेप मात्र सगळे मायनस पत्र्याला, या हिशोबानं बनवलेले. म्हणून जुन्या गाडीत टेप बसवायचा तर आम्ही त्याच्या डब्याला सायकलच्या ट्यूबचा रबर गुंडाळायचो, म्हणजे तो पत्र्याला शिवत नाही, आणि वायरी उलट्या जोडायचो. लाल वायर पत्र्याला, काळी चावीच्या वायरीला. ही युक्ती गावात दोघातिघांनाच नीट जमायची, त्यातला मी एक. साखर कारखान्याच्या साहेबांच्या जीपा, बागायतदारांच्या गाड्या, किती बसवले त्याला गणती नाही. रबर कापताना मी बघतसुद्धा नसे.

माझी एक मावशी चंदगडला दिलेली होती. तिनं सुमनचं स्थळ आणलं. पोरीला वडील नाहीत, ती आणि तिचा थोरला भाऊ सदा लहानपणापासून मामांकडं. मामा म्हणजे नागोजीमामा, त्यांचा तिथं काजू फोडायचा कारखाना. आईनं विचारलं, पोरगी बघायला कधी यायचं? मावशीचा निरोप आला, पोरगी नंतर बघा, आधी मामा पोराला बघणार, आणि घरात बसवून नाही, कामावर बघणार. त्यांनी ती नवीनच निघालेली छोटी गाडी घेतली होती, बुटकी, पांढरी. लोक तिला साबणाची डबी म्हणायचे. ती घेऊन रविवारी येणार, टेप बसवून घेणार आणि तशीच जोतिबाला पूजेला नेणार. टेप सदानं आखातातून पाठवला होता. तो दोन वर्षांपूर्वी मामांशी भांडून तिकडं कामाला गेला होता. मामा म्हणायचे कारखाना बघ, तो म्हणायचा मला जग बघायचंय. आता गावाकडं येणाऱ्या एकाच्या हाती त्यानं टेप आणि चिठ्ठी पाठवली होती. मामा, नव्या गाडीला माझ्याकडनं, दिवाळीला परत येतो, कारखान्यात घ्या. मामांनी उत्तर दिलं नव्हतं. मावशीला एवढंच म्हणाले होते, "बघू, काय पाठवलंय."

रविवारी सकाळी आईनं मला पांढरा सदरा घालायला लावला. मी म्हटलं, "आई, वायरिंगच्या कामाला पांढरा सदरा कोण घालतंय?"

"आज तू वायरिंगला चाललेला न्हाईस, दाखवायला चाललायस," आई म्हणाली. आबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "बाहीला आधी ग्रीस लावून जा. म्हंजे खरा वाटशील." पण हसले नाहीत. आमच्या दोन खोल्यांत पोरगी द्यायला कोणी तयार व्हावं, ही गोष्ट सोपी नव्हती, आणि ते तिघांनाही माहीत होतं.

साडेनऊला गाडी आली. मामा उतरले. ठेंगणे, जाड मिश्या, पायात करकर वाजणाऱ्या चपला. मागनं मामी उतरल्या आणि त्यांच्यामागं एक पोरगी. पोरीला आणणार असं ठरलंच नव्हतं. चाचा तिच्याकडं आणि माझ्याकडं बघायला लागले. मला कानापर्यंत घाम आला. मामींनी चाचीला बाजूला घेतलं, दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या, आणि चाची मोठ्यानं म्हणाली, "त्यात काय, बसू दे माझ्याजवळ." मला नंतर कळलं. पोरीला अंबाबाई दाखवायची, मग जोतिबा, म्हणून आणलेली, आणि वाटेतच ती बाहेरची झाली. आता तिला देवळातही नेता येईना आणि पूजेच्या गाडीतही बसवता येईना. चाचीनं तिला मागच्या दाराच्या उंबऱ्याजवळ पाटावर बसवलं आणि पुढ्यात लसणाची पाटी दिली. ती मान खाली घालून लसूण सोलायला लागली. तिची बोटं मला दिसली. टोकं काळी, कातडं सोललेलं. काजूच्या टरफलाचं तेल बोटं जाळतं, तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं, काहीतरी रोग आहे.

मामा आधी काम बघायला उभे राहिले. मागच्या सीटच्या पाठीमागं एक फळी असते, तिला स्पीकरसाठी दोन भोकं पाडायची होती. नवी कोरी गाडी, प्लॅस्टिकच्या पिशव्या अजून सीटवर. मी पुठ्ठ्याचा गोल ठेवून पेन्सिल फिरवली आणि करवत धरली.

"नव्या गाडीला भोकं पाडतोय, आँ?" मामा म्हणाले.

"भोकं पाडल्याबिगर आवाज कसा येणार, मामा."

"आवाज येऊ दे, न येऊ दे. भोक वाकडं आलं तर?"

"मग सरळ करतो."

"वाकडं भोक सरळ करतोस? कसं करतोस रं? मलाबी शिकीव की."

चाचा म्हणाले, "पावणं, त्याचा हात सरळ हाय. तुमी च्या घ्या." मामांनी चहा घेतला नाही. माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्यांचा श्वास कानाला लागत होता. दोन्ही भोकं नीट आली, पण त्यात दीड तास गेला. मग मामा म्हणाले, "आम्ही देवीला जाऊन येतो. जेवून येतो. एकला गाडी पायजे. जोतिबाचा घाट गाणं लावून चढायचा हाय मला." जाताना मागं वळून त्यांनी एकदा पोरीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. ती बघण्याची तऱ्हा मला आवडली नाही. गोठ्यात दोन जनावरं एकत्र बांधताना बघतात तसं.

चाचा स्पीकरच्या जाळ्या आणायला सायकल घेऊन बाजारात गेले. चाची आत भात घालत होती. दुकानात मी, ती गाडी, आणि उंबऱ्याजवळ ती. टेप खोक्यातून काढला तेव्हा मी त्याच्याकडं जरा वेळ बघतच बसलो. तसला टेप मी हातात धरला नव्हता. काळा, चकचकीत, बटणांना हिरवा उजेड येणारा. दिवाळीला आबांना नवं धोतर आणलं की ते आधी त्याचा वास घ्यायचे, तसा मी त्याचा वास घेतला. मग कामाला लागलो. हात भराभर चालत होता. ती बघते आहे की नाही हे मी बघत नव्हतो, पण सगळा वेळ तोच विचार. ट्यूबचा तुकडा घेतला, एका झटक्यात कापला, डब्याला गुंडाळला. वायरी सोलल्या.

बल्ब खिळ्याला होता. खिळा दाराजवळ. म्हणजे तिच्या डोक्यावर हातभर. बल्ब घ्यायचा तर तिच्याजवळ जाऊन, तिच्यावरून हात लांब करून घ्यावा लागला असता. मी दोनदा तिकडं बघितलं. ती लसूण सोलत होती. मला धाडस झालं नाही. इतकंच. पुढं चाळीस वर्षं जे झालं ते सगळं एवढ्या दहा पावलांनी झालं. मी स्वतःला म्हटलं, बल्ब कशाला, शंभर गाड्यांना बसवलाय. फ्यूजही नंतर टाकू म्हटलं. लाल वायर पत्र्याला जोडली, काळी चावीच्या वायरीला, आणि चावी फिरवली.

आवाज काही मोठा झाला नाही. चट् असा, काडी मोडल्यासारखा. मग टेपच्या फटीतून धुराची एक बारीक दोरी निघाली आणि सरळ वर गेली. नव्या प्लॅस्टिकच्या वासात जळका वास मिसळला. मी चावी बंद केली, वायर ओढून काढली, तोंडानं फुंकत बसलो. फुंकून काय होणार? ह्या गाडीत मायनस पत्र्याला होता. नव्या सगळ्या गाड्यांत तसाच असतो, आणि ते मला माहीत होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. मग मात्र मी उठलो, सरळ तिच्याजवळ गेलो, तिच्या डोक्यावरून हात लांब केला आणि बल्ब काढून आणला. आता कसली लाज. बल्ब लावला. जे दाखवायचं ते त्यानं दाखवलं.

ती उठून गाडीजवळ आली होती. हातात पाण्याचा तांब्या.

"जळलं न्हवं?"

"न्हाय. नवा हाय, धुरळा निघाला."

"धुरळ्याला असला वास येतोय व्हय?"

मी रबर सोडवत होतो. तिनं तांब्या बॉनेटवर ठेवला.

"तुम्ही जाळला, का तो आधीच तसा हुता?"

तिच्यासारखं सरळ विचारणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं आणि नंतरही फार बघितलं नाही. मी म्हटलं, "मी जाळला. वायर उलटी जोडली."

"माझ्या दादानं पाठवलाय त्यो."

"म्हाईत हाय."

"न्हाय म्हाईत. मामा वाटच बघत्यात. टेप वाजला तर दादाला कारखान्यात घेणार. न्हाय वाजला तर म्हणणार, बघा, चार पैशाची अक्कल न्हाय." ती हे हळू, एका सुरात म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तसं. मग म्हणाली, "तुम्ही जाळला म्हणून सांगितलं तर तुमचं काय हुतंय?"

"मामा न्हाय म्हणणार."

"कशाला?"

"आपल्याला."

तिनं माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडं बघितलं. त्याच्यावर आता काळी बोटं उठली होती. "व्हय," ती म्हणाली, "न्हाय म्हणणार," आणि तांब्या तसाच ठेवून परत पाटावर जाऊन बसली. काय कर, काय करू नको, काही बोलली नाही.

पुढच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. टेप खोक्यात घालून मी पळत गेलो. रविवार. दाराला कुलूप. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं, तो गावाला गेलाय, मंगळवारी येईल. मी त्या कुलपासमोर उभा राहिलो. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज चालला होता, फट फट फट, आणि मी मनात दोन वाक्यं आळीपाळीनं म्हणून बघत होतो. मामा, माझी चूक झाली. मामा, टेप मेलेलाच आलाय. पहिलं म्हणताना घर डोळ्यापुढं यायचं. आई सदरा झटकतेय, आबा काही न बोलता भाकरी मोडतायत. दुसरं म्हणताना कोणीच डोळ्यापुढं यायचं नाही. सदाला मी कधी बघितलंच नव्हतं. न बघितलेल्या माणसावर ढकलणं किती सोपं असतं, ते मला त्या कुलपासमोर कळलं.

परत आलो तर गाडीपाशी मामा उभे. एक वाजायला अजून वेळ होता. कपाळाला कुंकू, हातात प्रसादाची पुडी. चाचाही आले होते.

"कुठं गेलतास टेप घेऊन?"

"दाखवायला गेलतो. दुकान बंद हाय."

"दाखवायला कशाला? वाजव की."

मी खोकं बाकड्यावर ठेवलं. चाचा माझ्याकडं बघत होते, मामी बघत होत्या. ती बघत नव्हती. तिची बोटं मात्र थांबली होती.

"मामा," मी म्हटलं, "राग मानू नका. खरं ते सांगतो. टेप मेलेलाच आलाय. आतनं जळकाय. मी लावून बघितला, वाजत न्हाय."

मामांनी टेप उचलला, नाकाजवळ नेला. "जळका वास येतोय," ते म्हणाले. मग उंबऱ्याकडं वळले. "सुमे, तू हितंच हुतीस न्हवं? काय झालं?"

ती उठून उभी राहिली. पदरावरची लसणाची सालं झटकली. त्या तेवढ्या वेळात मला वाटलं, ही सांगणार. सांगितलं असतं तर मी व्हय म्हटलं असतं, एवढं तरी मी स्वतःबद्दल आजवर मानत आलोय. "मला काय म्हाईत न्हाय, मामा," ती म्हणाली. "मी आत चाचींजवळ हुते."

मामा हसले. ते हसणं वाईट होतं. कितीतरी दिवस ज्याची वाट बघितली ते हातात आल्यासारखं. "सदानं पाठवलंय म्हंजे असंच असणार. मला वाटलंच हुतं. कुणीतरी गंडवला असणार त्याला." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरगं बरं हाय तुमचं, मिस्त्री. दुसरा कोण असता तर दुरुस्त करतो म्हणून चार दिवस ठेवून घेतला असता. ह्यानं तोंडावर सांगितलं." आणि टेप बाकड्यावर टाकत म्हणाले, "फेकून द्या त्यो. आपल्याकडचा एखादा असंल तर बसवा, बिनआखाती."

चाचांकडं एक साधा टेप होता. मी तो बसवला. आधी बल्ब लावला, फ्यूज टाकला, सगळं नियमानं. पाऊण तासात वाजला. मामांनी गाणं मोठं केलं, गल्लीतली पोरं जमली, गाडी जोतिबाला निघून गेली. गाडी हलली तशी तिच्याखाली पडलेला ट्यूबचा तुकडा जमिनीवर दिसला. चाचांनी तो उचलला. नव्या गाडीत रबर लागत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांनी माझ्याकडं बघितलं, उंबऱ्याजवळ बसलेल्या पोरीकडं बघितलं आणि तुकडा खिशात घातला. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काम सांगायचं तर चाचीमार्फत सांगायचे. नवव्या दिवशी एवढंच म्हणाले, "लगीन हुईल तुझं. पर त्या पोराचं तोंड तुला बघायला लागंल, दत्ता."

मंगळवारनंतर मी टेप रेडिओवाल्याकडं नेला. त्यानं खोलला आणि गव्हाच्या दाण्याएवढा एक भाग चिमट्यानं काढून दाखवला. "एवढंच गेलंय," तो म्हणाला. दुसरा टाकला. टेप वाजला. असला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मी ऐकला आणि बंद केला. मामांना सांगता आलं असतं की मी दुरुस्त केला. खोटं तसंच राहिलं असतं, पण सदाची थोडी तरी लाज राखली गेली असती. सांगितलं नाही. मावशीचा निरोप येऊन पडला होता, पोरगं खरं बोलणारं आहे, मामा खूश आहेत, वैशाखात तारीख धरा. त्या निरोपाला धक्का लावायची मला भीती वाटली. टेप एका गिऱ्हाइकाच्या गाडीत गेला.

लग्न झालं. सदा लग्नाला नव्हता, दिवाळीला आला. उंच, वाळलेला, मला बघून आधी हसणारा. मामांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "तुला एक टेप बघून घेता येत न्हाय, काजूचा माल कसा बघून घेशील?" आणि तो विषय तिथं संपला. सदा गोव्याला गेला, ट्रक चालवला, मग टॅक्सी चालवली, तिकडंच राहिला. वर्षातून एकदा यायचा, सुमनला साडी आणायचा, मला दाजी म्हणायचा. मी त्याच्याशी जास्तच चांगला वागायचो. ते त्याला आवडायचं.

लग्नानंतर महिनाभरानं चंदगडहून परत येताना, एसटीत, मी सुमनला विचारलं होतं, तू का बोलली नाहीस? ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं हात माझ्यापुढं धरले. बोटांवर नवं कातडं आलं होतं, गुलाबी, लहान पोराच्या तळव्यासारखं. "आठव्या वर्षापासनं काजू फोडतेय," ती म्हणाली. "मला तिथनं बाहेर पडायचं हुतं. तुम्हीच पायजे हुता असं काय न्हवतं. पुन्हा इचारू नका." मी पुन्हा विचारलं नाही. त्या उत्तराचा मला राग आला नाही. आमचा संसार त्याच्यावरच उभा राहिला आणि चांगला राहिला, असं मी म्हणेन. पण सदा येऊन गेला की ती दोन दिवस कमी जेवायची. ते मला दिसायचं.

ती गेली तेव्हा सदा पोचू शकला नाही. तीन महिन्यांनी आला. सून भाकरी, वांग्याची भाजी ठेवून गेली होती. दोघं म्हातारे समोरासमोर बसलो. तो चार घास जेवला आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी सांगून टाकलं. रबर, लाल वायर, धूर, कुलूप, सगळं. सुमनचं तेवढं सोडून.

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे टेप चांगला हुता," तो म्हणाला.

"चांगला हुता. नंतर वाजला. मी ऐकला."

"तीन शुक्रवार गेलतो मी त्या दुकानात. सुट्टी तेवढीच. तिन्ही वेळा लावून ऐकला. दुकानदार कटाळला, म्हणाला, घेतोस का जातोस. तरी ऐकला." तो भिंतीकडं बघत होता. "मग मामा म्हणाला तुला कळत न्हाय. मी म्हटलं, नसंल कळत. एवढं तीनदा ऐकून फसलो म्हंजे नसंलच कळत. परत कशाला हात लावला न्हाय, दाजी. दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. स्वतःची घ्यायची म्हटलं की हात मागं यायचा."

त्याच्या हातचा कारखाना गेला, हे मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं. त्यानं ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी त्यानं नीट बघितलं.

"सुमीला म्हाईत हुतं?"

सदा ह्या आषाढात वारला. म्हणून हे लिहितोय, नाहीतर लिहिलं नसतं. त्या दिवशी त्याचा प्रश्न ऐकून मी सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "न्हाय. तिला काय म्हाईत न्हवतं. शेवटपतोर म्हाईत न्हवतं."

"मग बरं हाय," सदा म्हणाला. ताट परत पुढं ओढलं, आणि उरलेली भाकरी खाल्ली.